स्क्रीन काळी, कॅप्स लॉक चालू

सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि सुगंधाच्या कॉम्प्युटरची स्क्रीन तव्याच्या बुडासारखी काळी होती. बंद नव्हती, काळी होती. खाली सीपीयूचा पंखा घोंघावत होता, मॉनिटरच्या कोपऱ्यातला निळा दिवा पेटलेला होता, आणि मधल्या चौकोनात सुगंधाला स्वतःचंच तोंड दिसत होतं. पारोसं, केस न विंचरलेलं. तिनं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव झळकलं, क्षणभर जांभळट उजेड आला आणि परत काळं.

"ताय, निंगाला का तो व्हिडिओ?" मागून लाडकीनं विचारलं.

"निघतो. बस जरा."

लाडकी बसलेलीच होती. ती आणि तिचा नवरा बुधा, विक्रमगडच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणारी माणसं, दोन गाड्या बदलून बोईसरला आली होती. सुगंधाच्या घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. लाल प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या गिऱ्हाइकांसाठी. त्यातल्या एकीवर बुधा दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. उताणेच ठेवायला लागत. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून आवळली होती आणि बोटं पूर्ण मिटत नव्हती. घास भरवायचा तो लाडकीनं, शर्टाची बटणं लावायची ती लाडकीनं.

चार महिन्यांपूर्वी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत रसायनं शिजवायच्या टाकीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून उकळतं पाणी आणि कसलीशी पांढरी पावडर उसळून त्याच्या हातांवर आली. तीन वर्षं तो तिथं ठेकेदाराकडून कामाला होता. अपघात झाला तसा ठेकेदारानं कागद काढला. कागदावर बुधा माळी होता. गवत काढणं, झाडांना पाणी घालणं, एवढंच त्याचं काम. रिअ‍ॅक्टरकडं तो आपल्या हौसेनं गेला, कंपनीची काही जबाबदारी नाही. आता दुसऱ्या मजल्यावर, रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी कोणतं गवत उगवतं, हे विचारायची तिथं कोणाची टाप नव्हती. ज्यांना विचारायचा पगार मिळतो त्यांनी दोन तारखा चहा पिऊन पुढं ढकलल्या. आज तिसरी होती. दुपारी तीन वाजता, पालघरला, कामगार खात्याच्या साहेबांसमोर. कामगार संघटनेच्या बळवंतनं स्पष्ट सांगितलं होतं, "बुधा आत काम करत होता एवढं दाखवणारं काहीतरी आण. नाहीतर फाइल आजच बंद होईल."

आणि ते काहीतरी होतं. दोन मिनिटं चौदा सेकंदांचा व्हिडिओ.

पोरीला बापाचं काम दाखवायचं म्हणून बुधानं अपघाताच्या पंधरा दिवस आधी सोबत्याकडून आपल्या फोनवर चोरून काढून घेतला होता आणि लाडकीला पाठवला होता. बुधाचा फोन त्या दिवशी कंपनीत राहिला तो राहिलाच. लाडकीच्या फोनमध्ये होता, पण तो फोन इतका गच्च भरलेला की फॉर्मसाठी आधार कार्डाचा फोटोसुद्धा निघेना. तेव्हा, दोन महिन्यांपूर्वी, सुगंधानंच, याच खोलीत, याच टेबलावर, फोनमधलं सगळं कॉम्प्युटरवर काढून घेतलं आणि फोन रिकामा करून दिला. सगळ्या गिऱ्हाइकांचं ती असंच करायची. फोन भरला की सुगंधाताईकडं जायचं, ताई जागा करून देते. दुसरी प्रत कुठं ठेवावी हे ना गिऱ्हाइकाला सुचायचं, ना ताईला.

व्हिडिओ काढून घेताना तिनं तो पाहिला होता. त्यात बुधा पोतं खांद्यावरून उतरवून रिअ‍ॅक्टरच्या तोंडात हातानं पावडर ढकलत होता. आणि मागून एक आवाज येत होता. "ढकल रे बुधा हातानंच, काही होत नाही. बॅच थांबली नाही पाहिजे."

तो आवाज सुगंधाच्या नवऱ्याचा होता.

नागोराव त्या कंपनीत सतरा वर्षांपासून ऑपरेटर. नांदेडकडून आलेला, पहिल्या दिवशी अंगात एक शर्ट आणि पिशवीत एक. लाडकीचा फोन रिकामा केला त्या दिवशी व्हिडिओ चालू असताना बुधा, लाडकी आणि सुगंधा तिघंही इथंच होती. तिघांनीही आवाज ओळखला. कोणी एक शब्द बोललं नाही. सुगंधानं फाइल ठेवून दिली, म्हणाली, सुनावणीच्या दिवशी या, देते. तेव्हाच दुसऱ्या फोनवर टाकून दिली असती तर पाच मिनिटांचं काम. दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. ती काय टाळत होती हे तिला चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिचं डोकं आता फुटायला आलं होतं.

त्यातच लिनक्सचं खूळ. महिनाभर विंडोज रोज सकाळी धमकी द्यायचं की आता अपडेट मिळणार नाही, तुमचं मशीन नव्या विंडोजच्या लायकीचं नाही. नवीन कॉम्प्युटर विकणारा एकजण येऊन म्हणाला, "मॅडम, ये डब्बा भंगार में डालो." सुगंधाला राग आला. डबा चालतोय, फॉर्म भरतोय, आणि अमेरिकेतल्या कोणीतरी ठरवलं म्हणून तो भंगार? मशीन नागोरावच्या कंपनीच्या ड्रॉइंग विभागातून लिलावात आलेलं, जाडजूड ग्राफिक्स कार्डाचं, अजून दणकट होतं. तिनं यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले, विंडोजशेजारी जागा मोकळी केली, आणि काल रविवारी दुपारी विंडोजसारखंच पण फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. दोन्ही राहतील, सुरू करताना पाहिजे ते निवडा, असं यूट्यूबवाला म्हणाला होता. ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाकायचे का, असं मधे विचारलं होतं. व्हिडिओत त्यानं तिथं खूण केली, तिनंही केली. शेवटी पेन ड्राइव्ह काढून एंटर मारायला सांगितलं. पेन ड्राइव्ह पालघरच्या भाग्येशचा होता आणि त्याचा माणूस दारात मोटारसायकल चालूच ठेवून थांबला होता. तिनं काढून त्याच्या हातात दिला. तो वळला आणि इकडं स्क्रीन काळी.

दोन्ही राहणार होती. दोन्ही गेली.

भाग्येशचं पालघर स्टेशनजवळ रिपेअरिंगचं दुकान. साडेदहाला त्यानं एकदाचा फोन उचलला.

"सुगंधाताई, रॅम काढा. खोडरबरानं घासा, पुसा, परत लावा."

"रॅमला काय झालंय? काल दुपारपर्यंत चालत होतं."

"अहो, इथली हवा. खारी. माझ्याकडं दहातली आठ मशीनं खोडरबरावर चालतात."

तिनं सीपीयूची बाजू उघडली. आत धुळीचा गालिचा. रॅमची पट्टी काढली, झेरॉक्सच्या गल्ल्यातलं खोडरबर घेतलं, पिवळी किनार घासली, फुंकली, लावली. लाडकी वाकून बघत होती. बटण दाबलं. नाव झळकलं. जांभळट. काळं.

"नाही झालं."

"मग F12 दाबून बघा, विंडोज दिसतंय का."

"एकच डिस्क दाखवते. ती निवडली की काळं."

"मग आणा इकडं. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. नवं कोरं."

"फॉरमॅट मारलं तर आतलं जाईल ना!"

"ते तर जाणारच. तुम्ही बॅकअप घेतला असेल ना?"

सुगंधानं खोडरबर गल्ल्यात परत टाकलं.

"घेतला नाही?" भाग्येश हसला. "लोकांना शिकवता आणि स्वतः? बरं, डिस्क काढून डेटा काढता येतो, पण आज दोन लग्नांची शूटिंगं अडकलीत माझ्याकडं. गुरुवारी या."

"तीन वाजता सुनावणी आहे रे, भाग्येश."

"मग आत्ताच निघून या, बघू. पण रांग आहे हं ताई. खोटं कशाला बोलू."

तिनं फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. लाडकीनं बुधाकडं बघितलं, बुधानं जमिनीकडं.

तेवढ्यात नागोरावचा फोन आला. पहिली पाळी, सात ते तीन. प्लांटमध्ये फोनला बंदी, म्हणून तो संडासात जाऊन बोलायचा. मागं नळ सोडलेला असायचा.

"काय करायलीस?"

"तेच. मशीन."

"आली का ती दोघं?"

"आलीत. बसलीत समोर." सुगंधा आतल्या खोलीत गेली.

"मग सांग त्यास्नी. मशीन गेलं म्हणावं. त्यात खोटं काय हाय? तू काही मुद्दाम नाही केलंस."

आठ दिवसांपूर्वी त्यानं विचारलं होतं, तो व्हिडिओ आपल्याकडं हाय का. ती हो म्हणाली. त्या दिवशी तो जेवला नाही. पुसून टाक असं तो म्हणाला असता तर ती भांडली असती, आणि भांडण तिला जमतं. पण तो म्हणाला होता, "बघ, तुला काय वाटतं ते." हे वाक्य आठ दिवस तिच्या पायात काट्यासारखं होतं.

"देवानंच केलं समज," नागोराव म्हणाला.

"देवाला लिनक्स येतं का?"

"चिडू नको गं. सतरा वर्षं झाली मला. त्या इन्चार्जनं सांगितलं म्हणून मी बोललो. पावडर आत सोडायचा हॉपर बंद होता, दुरुस्त करत नव्हते, मी काय करू? माझं नाव आलं तर पहिला मला काढतील. त्याला नाही काढणार."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. नळ बंद करा, पाणी वाया चाललंय."

ती बाहेर आली तेव्हा लाडकी उभी होती. खुर्ची सोडून, पदर कमरेला खोचून.

"ताय, एक इचारू?"

"विचार."

"तूच केलंस का?"

पंखा घोंघावत होता. बुधा म्हणाला, "लाडके, गप."

"काय गप? दोन महिने ही सांगते देते, देते. आज तारीख, आन् आजच कसं मशीन मेलं? आमाला लिवाय येत नाय, पन येवडं कलतं."

सुगंधाच्या तोंडावर कोणीतरी चपराक मारल्यासारखं झालं. सांगावंसं वाटलं की नाही गं, आईशप्पथ. पण शपथ घेण्याइतकं तिचं मन साफ नव्हतं. काल दुपारी खूण करताना, एंटर मारताना, आधी ती फाइल काढून घ्यावी हे तिच्या डोक्यात आलं होतं. आलं होतं आणि तिनं ते बाजूला सारलं होतं. होईल की अर्ध्या तासात. मुद्दाम केलं नाही, पण मुद्दाम जपलंही नाही. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "पण दोन महिने दिलं नाही, ते माझं चुकलं. त्याला तू जे म्हणशील ते."

लाडकी बसली नाही. रडलीही नाही. नुसती बघत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं.

सुगंधानं पुन्हा बटण दाबून धरायला हात पुढं केला, तसा बुधा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"ताय, सारखा बंद कशाला करतेस? त्याचा पॅनल गेलाय नुसता."

"काय?"

"आमच्याकडं व्हायचा. वर पॅनलचा डिस्प्ले जायचा, समदा कालाकुट्ट. नवीन पोरगा आसला का घाबरून मेन पाडायचा. मी सांगायचो, आरे, डिस्प्ले गेला म्हनून काय पंप थांबला का? खाली जाऊन पायपाला हात लाव. थरथरतो ना? मंग आत समदा चालू हाय. बॅच शिजते." त्यानं हात लावून दाखवायला आपला हात उचलला आणि मधेच खाली ठेवला. "तसा बग. आत चालू हाय का बग."

सुगंधा त्याच्याकडं बघत राहिली. या माणसाला कागदावर माळी लिहिलं होतं.

पण इथं कुठल्या पाइपाला हात लावायचा? तिनं सीपीयूवर तळवा ठेवला, थरथरत होता, पण पंखा काय, कशानंही फिरतो. मग तिची नजर कीबोर्डवर गेली. तिनं कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. लागला. विझला.

"लागतो!" लाडकी ओरडली.

मशीन मेलं असतं तर दिवा हलला नसता, एवढं सुगंधाला कळत होतं. मशीन ऐकत होतं, फक्त दाखवत नव्हतं. ती आत्तापर्यंत मोबाइलवर शोधत होती ते 'कॉम्प्युटर चालू होत नाही' असं. त्यावर येणारी सगळी उत्तरं खोडरबराची. आता तिनं लिहिलं, लिनक्स टाकल्यावर स्क्रीन काळी, कॅप्स लॉक चालू. उत्तरं बदलली. हिंदीत एक, इंग्रजीत पंधरा. सगळी एकच सांगत होती. जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवा ड्रायव्हर यांचं जमत नाही. सुरू होतानाचा मेनू उघडा, एका ओळीच्या शेवटी एक शब्द घाला, nomodeset, म्हणजे मशीन कार्डाच्या नादी न लागता साधं चित्र दाखवील.

मेनू! काल दुपारपासून तिला मेनू दिसलाच नव्हता. विंडोज लिनक्सला सापडलं नाही म्हणून त्यानं मेनूच लपवला होता. निवडायला दुसरं काही नाही तर विचारायचं कशाला, असा सरकारी खाक्या. तो काढायचा तर मशीनचं नाव झळकून गेल्या गेल्या Esc दाबायचं. आधी दाबलं तर लागू पडत नाही, उशीर झाला तर काळं, आणि दोनदा दाबलं तर भलतीकडंच.

पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा लवकर. तिसऱ्यांदा घाईत दोनदा दाबलं गेलं आणि काळ्यावर एकच शब्द आणि लुकलुकणारी रेघ आली, पुढं काहीच नाही. पण काहीतरी आलं होतं! कालपासून पहिल्यांदा त्या चौकोनात अक्षर दिसलं होतं.

"तू ताल चुकतेस," लाडकी म्हणाली. ती आता टेबलाला टेकून उभी होती, राग तसाच ठेवून. "नाव जाल्यावर मी सांगते. तू बोट धरून ऱ्हा."

चौथ्यांदा नाव आलं, गेलं. "आता!"

मेनू आला.

"आता नाय सोडायचा त्याला," बुधा म्हणाला, जणू जाळ्यात ससा आला होता.

सुगंधानं e दाबलं. ओळीच ओळी. linux ने सुरू होणारी ओळ शोधली, तिच्या शेवटाला गेली, एक जागा सोडून तो शब्द टाइप केला. एक एक अक्षर मोबाइलवर बघून, ती, जी सरकारी परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्द मारायची. F10. नाव नाही, जांभळट नाही, भराभर पांढऱ्या ओळी धावल्या, थांबल्या.

आणि लॉगिनची चौकट आली. जाडीभरडी, अक्षरं फताडी, बाजू ताणलेल्या. पण आली.

लाडकीनं टाळी वाजवली आणि लगेच हात मागं घेतले.

पण मशीनही हट्टाला पेटलं होतं. आत विंडोजचा भाग दिसत होता, उघडत नव्हता. क्लिक केलं की चूक. बारा वाजून गेले होते. सुगंधानं परत शोधलं. विंडोजला शट डाउन सांगितलं तरी ते खरं झोपत नाही म्हणे, एक डोळा उघडा ठेवून पडतं, म्हणजे सकाळी पटकन उठता येतं. आणि ते असं पडलेलं असताना लिनक्स त्याच्या सामानाला हात लावत नाही. "म्हणजे झोपेचं सोंग," ती दात खाऊन म्हणाली. उपाय होता. नुसतं वाचण्यापुरतं उघड, लिहिणार नाही, असं लेखी कबूल करून दिलं की उघडतं. एक लांबलचक आज्ञा. ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा मशीननं काही तक्रार केली नाही, पुढची ओळ दिली, आणि बारा वाजून पन्नास मिनिटांनी सुगंधासमोर तिचे फोल्डर होते. गिऱ्हाइकांची नावं. हंसा, रखमा, रामू शिरगाव, धीरज मुरबे. आणि लाडकी.

तिनं व्हिडिओ लावला. बुधा पोतं उतरवत होता. दोन्ही हात धड. बोटं मिटत होती, उघडत होती, पावडर ढकलत होती. लाडकी त्या हातांकडं बघत होती, व्हिडिओकडं नाही. मग आवाज आला.

"ढकल रे बुधा हातानंच, काही होत नाही."

व्हिडिओ संपला. सुगंधानं केबल लावून फाइल स्वतःच्या फोनवर घेतली, मग लाडकीच्या. मग मेलवर पाठवली. मग बळवंतला. चार ठिकाणी. आता शिकली होती.

"ताय," बुधा म्हणाला. "आवाज काडता येतो का?"

"काय?"

"व्हिडिओमधला. मुका करून द्यायचा. मी काम करतो ते तर दिसते ना? नागोकाका वाईट नाय. त्याने माज्या पोरीला दोनदा वह्या दिल्या. त्यालापन वरून शिव्या पडायच्या."

लाडकीनं त्याच्याकडं झटकन मान वळवली. ती सुगंधाकडं बघायला लागली. आता तुझ्यावर, असं ते बघणं.

आवाज काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. सुगंधानं लग्नांच्या किती व्हिडिओंवर गाणी चढवून दिली होती. नागोरावची नोकरी वाचेल, खोलीचं भाडं, पोरांचं शिक्षण, सगळं जागच्या जागी राहील. आणि बुधालाच ते चालणार होतं. तिनं माऊसवर हात ठेवला. मनातल्या मनात तो मुका व्हिडिओ चालवून बघितला. एक माणूस पोतं ओततोय, कोणी सांगत नाही, कोणी बोलत नाही. बघा साहेब, म्हणणार होता कंपनीचा वकील, माळी आपल्या हौसेनं वर चढलाय.

"आवाज काढला तर यात राहतं काय रे, बुधा?" ती म्हणाली. "तू एकटाच राहतोस."

तिनं माऊस सोडला, तोंडावर पाणी मारलं, केसांवरून फणी फिरवली आणि दाराला कुलूप लावलं.

इको गाडीत मागं तिघं. बोईसरपासून पालघरपर्यंत सुगंधा खिडकीला चिकटून बसली होती आणि सारखी फोन काढून फाइल आहे ना ते बघत होती. नागोरावला लावला, बंद. संडासातून आल्यावर परत लॉकरमध्ये टाकला असणार. त्याला आधी सांगायला हवं होतं, कोर्टकचेरीत मागाहून कळणं वाईट. पण तीनच्या आत त्याचा फोन निघायचा नाही आणि तीनला तर सुनावणी. तिनं मेसेज टाकला. व्हिडिओ मिळाला. देतेय. आवाजासकट.

साहेबांची खोली लहान, कपाटं मोठी. टेबलाच्या एका बाजूला काळा कोट घातलेला कंपनीचा वकील आणि ठेकेदाराचा माणूस, दुसऱ्या बाजूला बळवंत. बुधाला बसायला खुर्ची नव्हती, बळवंतनं आपली दिली. सुगंधानं फोन टेबलावर ठेवून व्हिडिओ लावला. साहेबांनी चष्मा वर करून बघितला. एकदा. मग परत एकदा.

वकील म्हणाला, "सर, हे कुठलंही असू शकतं. आणि तो मागचा आवाज? कोणीही ओरडेल. कोणाचा आहे ते कोण सांगणार?"

"मी सांगते," सुगंधा म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"बोईसरला माझं टायपिंगचं दुकान आहे. हा व्हिडिओ माझ्याकडं होता. आवाज माझ्या नवऱ्याचा आहे. नागोराव. तिथं ऑपरेटर आहे, पर्मनंट. सतरा वर्षं."

ठेकेदाराचा माणूस खुर्चीत सरळ झाला. साहेबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"बाई, विचार करून बोला. हे मी लिहून घेणार आहे."

"दोन महिने विचारच केला साहेब. लिहा."

साहेबांनी लिहिलं. निम्म्यात आले असतील तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. स्क्रीनवर नाव. नागोराव. तीन वाजून बारा मिनिटं, पाळी सुटली होती. सगळ्यांनी ते नाव वाचलं. सुगंधानं फोन उचलला, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्पीकर चालू केला.

"अहो, आधी ऐका. मी साहेबांसमोर बसलेय. स्पीकर चालू आहे. कंपनीचे वकील पण आहेत. व्हिडिओतला आवाज कोणाचा ते मी सांगितलंय. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला, नाहीतर ठेवून द्या. मी काही म्हणणार नाही."

पलीकडं गेटवरचा गलका. सायकली, हॉर्न, कोणीतरी हिंदीत शिवी हासडलेली. वकील पुढं झुकला. लाडकीनं बुधाच्या शर्टाची बाही धरली.

"मेसेज वाचला," नागोराव शेवटी म्हणाला. आवाज बसलेला. "आवाज माझाच हाय. पण साहेबास्नी सांग, मला कोणी सांगितलं तेबी लिहून घ्या म्हणावं. माझ्या एकट्याचं नाव लिहू नका. हॉपर सात महिने बंद हाय, रजिस्टरला नोंद हाय, मी स्वतः केलीय."

काळा कोट उठून उभा राहिला. "सर, हे असं फोनवर..."

"बसा," साहेब म्हणाले. मग फोनकडं तोंड करून, "फोनवरचं चालत नाही. समक्ष येऊन जबाब द्याल?"

पुन्हा तो गलका.

"येतो," नागोराव म्हणाला आणि फोन कट झाला.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "पाचपर्यंत आहे मी."

सुगंधा खोलीत थांबू शकली नाही. बाहेर फाटकाशी येऊन उभी राहिली. बोईसरकडून एक इको आली, माणसं उतरली, गेली. मग दुसरी. बुधा हळूहळू चालत तिच्या शेजारी आला, मागून लाडकी.

"येल का ग काका?" बुधानं विचारलं.

"आला तर आला," सुगंधा म्हणाली. "नाही आला तरी माझं लिहून झालंय. ते आता कोणी पुसत नाही."

लाडकीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आधी सुगंधापुढं धरली. सुगंधानं न बघताच घेतली. तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती, आणि रस्त्यावर तिसरी गाडी वेग कमी करत होती.